सलाईनच्या स्टँडवरचे साहेब

बुधवार, ८ जानेवारी

आज स्टँड आला. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू मी घरात शववाहिकाच आणून उभी केली आहे.

आधी सगळं क्रमाने लिहिते. शाळेत मदर सांगायच्या, रोजनिशीत काय घडलं ते लिहा, काय वाटलं ते नको. वाटण्याला कागद पुरत नाही. तर घडलं ते असं. गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा नवरा गेला. मी नुकतीच निवृत्त झाले होते. परिचारिकांच्या निवासगृहात सहा वर्षं यादीत थांबून मला बागेच्या बाजूची खोली मिळाली होती. धाकटी माझ्यासमोर बसून रडली, "ताई, मला एकटीला नाही गं राहवणार." मी खोली सोडली. दोघींनी मिळून हे घर घेतलं आणि एकमेकींना शब्द दिला की आता शेवटपर्यंत दोघी एकत्र. ती सामान घेऊन आली, सामानात एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात साहेब.

साहेब म्हणजे कोकाटील, पोपटाचीच एक जात. अंग राखाडी, डोकं पिवळं, गालावर नारिंगी ठिपका आणि डोक्यावर तुरा. तुरा मागे पडलेला असला म्हणजे साहेब खुशीत, ताठ उभा असला म्हणजे सावध. माझ्यासमोर तो नेहमी ताठ असतो. निदान एकाला तरी या घरात माझा आदर आहे.

पक्ष्याला दिवसभर कोंडून ठेवणं मला पटत नाही. दिवसा बाहेर बसायला स्टँड हवा. दुकानातले पाहून आले. एकाचा रंग नखाने निघत होता. पक्षी तिथे चोच मारणार आणि रंग पोटात जाणार. दुसऱ्याला जस्ताचा मुलामा, म्हणजे विषच. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "बाई, आजवर कुणाची तक्रार नाही." पोपट तक्रार कुठे नोंदवणार? शेवटी आमच्या रुग्णालयातून मोडीत निघालेला सलाईनचा स्टँड मागून आणला. स्टेनलेस स्टील, पाच पाय, पाचांना चाकं. बाटली अडकवायचे वरचे आकडे वेल्डरकडून कापून घेतले आणि तिथे आडवी दांडी बसवली, गुळगुळीत, एकसारखी. फडकं फिरवलं की लखलखते.

"ताई, तो पेशंट नाहीये," धाकटी म्हणाली.

"म्हणूनच म्हणते, वेळेत काळजी घेऊ," मी म्हणाले.

सोमवार, १३ जानेवारी

स्टँडचे नियम ठरवून कपाटाच्या दारावर लावले. स्वयंपाकघरात स्टँड न्यायचा नाही. न चिकटणारा तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी उभ्या उभ्या जातो. साहेब बाहेर असताना पंखा बंद, खिडक्या बंद. साहेबांना स्टँडवर सोडून कुणी घराबाहेर पडायचं नाही. दांडी रोज जंतुनाशकाने पुसायची. सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला वजन, तक्त्यात नोंद. आज दोन्ही वेळा एक्क्याण्णव ग्रॅम.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी परिचारिका विद्यालयात शिकवायला जाते. शस्त्रक्रियागृहाची शिस्त हा विषय. त्या दोन दिवशी दोन ते पाच साहेब धाकटीच्या ताब्यात. तिच्यासाठी तक्त्याला पेन बांधून ठेवलं आहे.

आज ती नवऱ्याच्या फोटोला फ्रेम करायला मागच्या गल्लीत गेली. घर बदलताना जुनी काच तडकली होती. तीन तासांनी परत आली. फोटो एकच होता.

मंगळवार, २१ जानेवारी

फ्रेम आली. धाकटी म्हणते, कोपरा तिरका आहे. मी गुण्या लावून पाहिला, मला तर काटकोनात दिसला. ती परत घेऊन गेली. असले कारागीर! एका फोटोसाठी बाईला चार चकरा मारायला लावतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

दोन दिवस साहेब स्टँडवर सारखे पाय बदलत होते. आज उलटे धरून पाहिलं तर दोन्ही तळव्यांवर लाल, चकचकीत डाग. दोघी पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी.

"मावशी, बसायची दांडी कशी आहे?"

"मी तुमची मावशी नाही. दांडी स्टीलची आहे."

"एकसारखी जाड? गुळगुळीत? आणि दिवसभर तीच?"

प्रत्येक प्रश्नाला मी 'हो' म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हेही लिहून ठेवते.

"मग त्याचं सगळं वजन दिवसभर तळव्याच्या एकाच जागेवर पडतं, मॅडम. माणूस एका कुशीवर पडून राहिला तर काय होतं?"

चाळीस वर्षं. माझ्या वॉर्डात दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलली नाही तर मी मुलींना उभं करून विचारायची. माझ्या हाताखाली एकाही पेशंटला शय्याव्रण झालं नाही. आणि एक्क्याण्णव ग्रॅमच्या पाखराला मी ते स्टेनलेस स्टीलचं करून दिलं.

बाईंनी मलम दिलं आणि सांगितलं: झाडाची सालीसकट फांदी हवी, कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे पाऊल ठेवायची जागा बदलत राहते. दांडीवर चढवायची पॉलिश पेपरची वेष्टणं विकतात ती नकोत, त्यांनी कातडी सोलवटते. जंतुनाशक बंद, कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. पक्षी निर्धास्त असला की एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि एकाच पायावर डुलकी काढतो, तसं दिसलं की कळवा. आणि वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर त्याच दिवशी घेऊन या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

धाकटीने सगळं लिहून घेतलं. मला लिहून घ्यायची गरज नव्हती.

सोमवार, १० फेब्रुवारी

फांदी मिळेपर्यंत म्हणून मी दांडीला क्रेप बँडेज गुंडाळलं होतं. नवंकोरं, मऊ. मी अंघोळीला गेले. दहा मिनिटं झाली नसतील तर धाकटीची किंकाळी.

साहेबांनी चोचीने बँडेज उसवलं होतं आणि सुटलेला धागा बोटाला आवळून बसला होता. ते एका पायाने उलटे लोंबकळत होते, पंख फडफडत होते आणि दर फडफडीला स्टँड पुढे घरंगळत होता. धाकटीने त्यांना टॉवेलात धरलं आणि नखं कापायच्या कात्रीने धागा कापला. बोट काळंनिळं झालं होतं पण वाचलं. मी चिमटा घेऊन शेजारी उभी होते. तिने मागितला नाही.

"ताई, तू त्याच्यावर प्रयोग करतेयस."

"प्रयोग नाही, उपचार."

"तो आजारी नव्हता गं. तो माझ्या घरी बारा वर्षं होता आणि कधीच आजारी नव्हता."

तिचं घर म्हणजे कुठलं, हे मी विचारलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पेरूची फांदी मिळाली. फवारणी न केलेल्या झाडाची, खात्री करून. घासली, उकळत्या पाण्यातून काढली, आठ दिवस उन्हात वाळवली. स्टीलची दांडी काढून फांदी बोल्टने पक्की बसवली. एकही धागा नाही, एकही टोक बाहेर नाही. उंची माझ्या खांद्याइतकी, म्हणजे सतत नजरेसमोर. आणि चाकांचा हा फायदा: मी वाचायला बसले की साहेब तिथे, मी कपडे घडी करायला गेले की साहेब तिथे. बिचारे एकटे पडत नाहीत. ढकलताना जरा हिंदकळतात, पण तुरा ताठ ठेवून सांभाळतात.

धाकटी म्हणाली, "एका जागी बसू दे ना त्याला."

एका जागी बसवलं तेव्हाच फोड आले होते. माणसं ऐकलेलंही अर्धंच ऐकतात.

बुधवार, १२ मार्च

जिंकले.

आज डॉक्टरीणबाईंना तक्ता दाखवला. तळवे जवळजवळ भरले आहेत. नखं सालीवर घासून आपोआप बेताची झाली आहेत. आणि वजन! मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साहेब सकाळपेक्षा दोन-तीन ग्रॅम जास्त भरतात. बाकीच्या दिवशी फरक नाही. एकूण आकडा चौऱ्याण्णववर गेला आहे. मी कारणही शोधलं: त्या दिवशी मी घरात नसते म्हणून स्टँड हलत नाही, धाकटी लेखी सूचनेप्रमाणे वेळेवर दाणे घालते, म्हणून पचन सुधारतं. शिस्तीचा परिणाम.

"छानच," बाई म्हणाल्या आणि धाकटीकडे पाहिलं. धाकटी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होती.

मी स्टँड कसा निवडावा आणि कसा वापरावा याचं एक पान लिहून नेलं होतं. बाईंनी ते तिथल्या तिथे दवाखान्याच्या भिंतीवर लावलं. "फार उपयोगी आहे, मॅडम," म्हणाल्या. आता 'मावशी' नाही.

बुधवार, १९ मार्च

धाकटीची मला काळजी वाटते. काम करताना गुणगुणते. सकाळी आरशासमोर दहा-दहा मिनिटं. नव्या चपला आणल्या, टाचेच्या. साठीच्या वर टाच! शालीला लाकडाचा भुसा लागलेला होता, विचारलं तर म्हणे बागेतल्या बाकावर बसले होते. मला थायरॉइडचा संशय आला म्हणून तिचं रक्त तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं. हसत सुटली. "ताई, मला काही झालेलं नाही गं." हेच तर लक्षण असतं.

फोटोची फ्रेम अजून तिकडेच आहे.

शुक्रवार, २८ मार्च

वर्गाहून आले तर धाकटीने चहा करून ठेवला होता. चहाबरोबर विचारते, "निवासगृहात तुझ्या मैत्रिणी आहेत ना अजून? तुला कधी वाटतं का, तिकडे..."

"मी सोडलेल्या गोष्टीकडे वळून बघत नाही," मी म्हणाले.

तिने कप उचलून मोरीत नेले. मन मोठं आहे तिचं; माझ्या त्यागाची आठवण ठेवते.

सोमवार, २१ एप्रिल

धाकटीला आठवडाभर ताप होता. गेला मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही दिवस ती अंथरुणात होती. मी वर्गांना सुटी घेतली नाही. दोन्ही दिवशी दुपारी जाताना साहेबांना पिंजऱ्यात ठेवून, दाणा-पाणी भरून गेले.

आज तक्ता समोर घेतला. मंगळवारी वाढ नाही. शुक्रवारी वाढ नाही. रेघ सपाट.

तापाचे तक्ते वाचण्यात माझा जन्म गेला. औषध तेच, खाट तीच आणि तरी पेशंटची सुधारणा थांबली, तर अर्थ एकच: त्याला बरं करणारं आणखी काहीतरी होतं आणि ते माझ्या नोंदीत नाही. त्या दोन दिवशीही स्टँड हलला नाही, दाणे भरलेले होते. मी नेहमीसारखी वर्गावर होते. नव्हती ती फक्त धाकटी. पण ती तर याच घरात, शेजारच्या खोलीत होती.

मला काहीतरी कळतंय आणि ते मला कळून घ्यायचं नाही, असं आज पहिल्यांदा वाटलं. वाटण्याला कागद पुरत नाही. थांबते.

मंगळवार, २२ एप्रिल

वर्ग तासभर लवकर सोडला. घरी आले तर दाराला कुलूप. आत स्टँड रिकामा, दवाखान्यात न्यायचा छोटा पिंजरा नाही, धाकटी नाही. तक्त्यावर पाचचं वजन अजून भरायचं होतं.

खाली औषधांच्या दुकानात विचारलं. दुकानदार गोळ्या मोजत होता, मान वर न करता म्हणाला, "बहीणबाई ना? मागच्या गल्लीत, फ्रेमवाल्यांकडे. आज मंगळवार." मग माझा चेहरा पाहिला असावा. "पक्षी घेऊन जातात ना... आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवता."

सगळ्या गल्लीला वेळापत्रक पाठ होतं.

फ्रेमवाल्याचं दुकान खाली, वर राहायची खोली. जिना चढताना धाकटीचं हसू ऐकलं. असं हसू मी तिच्या लग्नाआधी ऐकलं होतं, आणि नंतर नाही. दार उघडंच होतं.

आधी स्टँड दिसला. मी दोष शोधले, खोटं कशाला बोलू. सापडले नाहीत. खाली जाडजूड लाकडाचा ठोकळा, मी धक्का दिला असता तर मीच पडले असते. चाकं नाहीत. त्यातून निघालेली सालीसकट मोठी फांदी, बुडाशी मनगटाएवढी, शेंड्याला करंगळीएवढी, मध्ये दोन फाटे, वेगवेगळ्या उंचीवर. खाली सरकणारा ट्रे, त्यात साधा कागद. सगळा भिंतीला पाठ लावून, खिडकीपासून लांब, छातीच्या उंचीला. स्क्रूंची टोकं लाकडाच्या बुचांनी झाकलेली. आणि मधल्या फाट्यावर साहेब. तुरा मागे निजलेला. डोळे अर्धे मिटलेले. एक पाय पिसांत.

बाजूला भिंतीवर माझा तक्ता होता. धाकटीच्या अक्षरात, माझ्या तक्त्याची नक्कल, तारखेनिशी. त्याखाली मी लिहिलेल्या त्या पानाचीही नक्कल, चौकटीत बसवून. काटकोनात.

"या ताई, बसा," फ्रेमवाला म्हणाला. चष्मा कपाळावर, बोटांना डिंक. धाकटीच्या बशीतलं अर्धं बिस्किट त्याच्या हातात होतं.

"मी तुमची ताई नाही."

"बरं. मग उभ्या राहा."

धाकटी म्हणाली, "अहो!" तो "अहो" ऐकला आणि मला सगळं कळलं. चपला, भुसा, चार चकरा, गुणगुणणं. मी तिचं रक्त तपासलं होतं!

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी? सोळा वेळा आलीस. मी तक्त्यावरून मोजू शकते. सोळा वेळा घरातून साहेबांना काढलंस, सोळा वेळा पाचच्या आत परत बसवलंस, आणि सोळा वेळा माझ्यासमोर माझ्या पेनने वजन लिहिलंस."

"वजन खरं लिहिलं ना पण. एकदाही खोटं लिहिलं नाही."

"आणि मी त्यावर निबंध लिहिला! दवाखान्याच्या भिंतीवर लावला!"

मग फ्रेमवाला, गरीब आवाजात: "पान चांगलं आहे हो. आम्ही त्यातलं बरंच पाळलं. उंचीचं आणि जाडीचं माप तेवढं डॉक्टरबाईंनी दिलं."

म्हणजे तीसुद्धा. "छानच," म्हणाली होती.

पाच वाजत आले होते. धाकटीने सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि उठायला लागली. त्या उठण्याचा मला जितका राग आला तितका बाकी कशाचाच नाही.

बुधवार, २३ एप्रिल

ती तिकडे राहायला जाणार आहे. आज सकाळी सांगितलं, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मदरसमोर उभी राहिल्यासारखी.

"तू शब्द दिला होतास," मी म्हणाले.

"दिला होता. तेव्हा मला वाटलं होतं, मी संपले."

"तुझ्यासाठी मी खोली सोडली. सहा वर्षांची वाट बघून मिळालेली."

"मी सोड म्हटलं नव्हतं, ताई. मी फक्त रडत होते. घर तू शोधलंस, पडदे तू आणलेस, माझं सामान कुठे ठेवायचं तेही तू लिहून लावलंस. मी तुला तीन वेळा सांगायला गेले. एकदा तू म्हणालीस, वळून बघत नाही. एकदा माझं रक्त काढलंस."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तू तक्ता दाखवत होतीस. इतकी खूश होतीस. मला नाही सांगवलं."

म्हणजे दोष माझ्या खूश होण्याचा! याला काय म्हणावं? खोटं बोलणाऱ्याने कारण म्हणून दया पुढे करावी, हे मला सहन होत नाही. ओरडली असती, भांडली असती, तर बरोबरीचं तरी झालं असतं.

मी म्हणाले, "तू जा. साहेब इथे राहतील. त्यांचे पाय मी बरे केलेत." ते मी केलेले नाहीत, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तिचा चेहरा पडला, पण ती 'हो' म्हणाली. "एक महिना. रोज संध्याकाळी फोनवर वजन सांगायचं मात्र. शब्द दे."

दिला.

शनिवार, २६ एप्रिल

गेली. दोन बॅगा आणि नवऱ्याचा फोटो. फ्रेम अखेर तयार झाली. फ्रेमवाल्याने तो मोठा स्टँड उचलून आमच्या दारात आणून ठेवला होता. घाम पुसत म्हणाला, "त्याला सवय आहे याची." त्याच पावली परत न्यायला लावला. त्या माणसाचं लाकूड माझ्या घरात नको.

साहेबांचं वजन पंच्याण्णव. सांगितलं.

सोमवार, २८ एप्रिल

त्र्याण्णव. सांगितलं. "कमी झालं का गं?" म्हणाली. मी म्हणाले, जागा शांत झाली की पक्षी स्थिरावतो. स्टँड आता हलवत नाही. कुठे हलवणार? मी एकाच खोलीत असते.

बुधवार, ३० एप्रिल

नव्वद. दाणे तसेच. हाताने भरवायला गेले तर तुरा ताठ करून फांदीच्या टोकाला सरकतात.

फोन वाजला. तोंडातून "चौऱ्याण्णव" गेलं. ती म्हणाली, "बरं झालं, मला उगाच धास्ती वाटत होती." मग मी तक्त्याकडे गेले आणि तिथेही चौऱ्याण्णव लिहिलं, म्हणजे दोन्हीकडे सारखं राहील.

माझ्या नोकरीत एकही खोटी नोंद नाही. पण हा रुग्णालयाचा तक्ता नाही. घरचा आहे.

शुक्रवार, २ मे

वर्गाला गेले नाही. सत्त्याऐंशी. दुपारी दोन वाजता साहेबांनी दाराकडे तोंड केलं आणि शीळ घातली, एक लांब, एक आखूड. मग थांबले. मग पुन्हा. पाच वाजेपर्यंत असंच. शीळ कुणी शिकवली ते विचारायची गरज नाही. मला शीळ येत नाही.

सांगितलं चौऱ्याण्णव.

रविवार, ४ मे

चौऱ्याऐंशी. दहा टक्के शुक्रवारनंतरच ओलांडले आहेत. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं. दवाखान्यात नेलं तर बाई धाकटीला कळवणार, धाकटी येऊन घेऊन जाणार, आणि मग या घरात काय उरणार याची यादी मी मनात केली. लांबली नाही.

असं एखाद्या विद्यार्थिनीने केलं असतं, तर मी तिची टोपी उतरवून घेतली असती.

सांगितलं पंच्याण्णव. ती म्हणाली, "ताई, तू त्याला छान सांभाळतेयस. मला वाटलं नव्हतं." तिने हे प्रेमाने म्हटलं, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना.

सोमवार, ५ मे

सकाळी ब्याऐंशी. पिसं फुगवून, डोळे मिटून, फांदीच्या बुडाशी. मी त्यांना छोट्या पिंजऱ्यात घातलं, वर टॉवेल टाकला आणि निघाले. दवाखान्यात नाही, औषध कुठे आहे ते मला माहीत होतं.

धाकटीने दार उघडलं. साहेबांना पाहिलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता हात आत घातला. ते तिच्या बोटावरून दंडावर, दंडावरून मानेशी चढले आणि तिच्या केसांत डोकं खुपसलं. फ्रेमवाल्याने फोन उचलून डॉक्टरीणबाईंना लावला. धाकटीने राळ्याचं एक कणीस धरलं. साहेबांनी ते टोचलं. पुन्हा टोचलं.

मग तिने त्यांचं वजन केलं. आकडा वाचून माझ्याकडे वळली.

"काल पंच्याण्णव होता."

"नव्हता."

"तू सांगितलंस."

"सांगितलं."

"किती दिवस?"

"बुधवारपासून." आणि मग माझं मलाच आवरेना. "तू मला सांगतेस? तू? दोन महिने माझ्या डोळ्यांत धूळ टाकलीस, सगळ्या गल्लीला माहीत, डॉक्टरला माहीत, गोळ्या विकणाऱ्याला माहीत..."

"हो. बोलले मी खोटं," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी खोटं बोलत होते तेव्हा त्याचं वजन वाढत होतं, ताई."

फ्रेमवाल्याने माझ्यामागे खुर्ची सरकवली. मी बसले नाही. शाळेत मला सगळ्यात जास्त शिक्षा उलट उत्तर दिल्याबद्दल झाल्या आहेत. आज मी फक्त जिना उतरले, गल्ली ओलांडली आणि दार उघडलं.

घरी तक्त्यावरच्या खोट्या आकड्यांवर एक-एक सरळ रेघ मारली, शेजारी खरे आकडे लिहिले, प्रत्येकापुढे सही केली. चूक खोडून काढायची नसते, ती वाचता आली पाहिजे.

मंगळवार, ६ मे

पाच वाजता तिचा फोन. मला वाटलं नव्हतं करील.

"पंच्याऐंशी," म्हणाली. "बाई येऊन पाहून गेल्या. खातोय."

एका दिवसात तीन ग्रॅम. होऊ शकतं. किंवा मला झोप लागावी म्हणून सांगितलेलं असू शकतं. तिला तशी सवय आहे, आणि आता मलाही. कुठलं ते फोनवरून कळायला मार्ग नाही. मी म्हणाले, "लिहून ठेव."

"ताई?"

"काय?"

"काही नाही. ठेवते."

तिला मी माफ केलेलं नाही. शब्द मोडला तो मोडला, आणि ती डॉक्टरीण तर माझं पान अजून भिंतीवर लावून बसली आहे. पण दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर मी यापुढे विसंबणार नाही. उद्या सकाळी सातला जाऊन साहेबांचं वजन स्वतः करीन. त्या माणसाला सांगेन, खुर्ची मधून बाजूला घ्या, मला उभ्यानेच करायची सवय आहे.

सात म्हणजे फार लवकर होईल का, हे विचारायला फोन करणार होते. केला नाही. नको म्हणाली असती तर?